लघवी भरपूर होते म्हणजे किडनी ठीक, असं धरून चालू नका

गोव्यातल्या साखळीहून तुम्ही विचारलंय: बाबांचं वय 64, रक्तातलं क्रिएटिनीन (किडनीनं बाहेर टाकायचा कचरा) 1.6, पण लघवी पाण्यासारखी स्वच्छ आणि भरपूर होते, रात्री तीनदा उठतात. मग डॉक्टर किडनी कमजोर का म्हणतात, आणि रोज आडसराचं, म्हणजे शहाळ्याचं, पाणी दिलं तर चालेल का?

मी डॉक्टर नाही. फोंड्याला लॅबमध्ये 28 वर्षं टेक्निशियन होतो, त्यामुळे लघवीच्या बाटल्या भरपूर हाताळल्यात. तुमचा प्रश्न वाचताना मी थांबलो तो ‘पाण्यासारखी’ आणि ‘रात्री तीनदा’ या दोन शब्दांवर.

किडनी म्हणजे नुसती गाळणी, असं आपण समजतो. गाळणं हा कामाचा सोपा भाग. चवथीच्या आधी आपण खोलीतलं सगळं सामान सोप्यावर काढतो, खोली झाडून-पुसून घेतो, लागतं तेवढं परत आत नेतो, उरलेलं टाकतो. किडनीचं तसंच आहे. एकेका किडनीत सुमारे 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे बारीक गाळणी आणि तिला जोडलेली नळी, असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता असतो, तिथून रक्तातलं पाणी, मीठ, साखर, युरिया असं सगळं बाहेर पडतं. रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिनं आत राहतात. दिवसाला हे जवळजवळ 180 लिटर भरतं, म्हणजे 20 लिटरचे नऊ कॅन! लघवी होते दीड-दोन लिटर. बाकी सगळं नळ्यांमधून रक्तात परत जातं, साखर तर निरोगी माणसात जवळपास पूर्ण.

शेवटचा हिशोब पाण्याचा. नळीचा मधला वळसा, ज्याला हेन्लेचा वेढा म्हणतात, किडनीच्या आतल्या भागात खारटपणा साठवतो. शरीराला पाणी कमी पडलं की मेंदूतून एडीएच हे संप्रेरक येतं आणि नळीच्या शेवटच्या भागात पाण्याची दारं उघडतात, खाजन शेतात खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मानशीच्या दारांसारखी. पाणी त्या खारटपणाकडे ओढलं जातं, लघवी घट्ट होते. म्हणूनच रात्रभर पाणी न पिताही आपण सलग झोपू शकतो. पेशींमधली ही दारं शोधल्याबद्दल पीटर आग्रे यांना 2003 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे मूत्रवाहिनी, मूत्राशय हा फक्त वाहतुकीचा आणि साठवणीचा भाग.

आमच्याकडे पूर्वी काचेचा युरिनोमीटर असायचा. तळाला वजन, वर आकडे लिहिलेली बारीक दांडी. सकाळच्या पहिल्या लघवीत सोडला की निरोगी माणसाच्या लघवीची घनता (पाण्याची 1.000 धरून) 1.020 किंवा वर दाखवायचा. जुन्या किडनीविकाराच्या रुग्णांची लघवी सकाळची असो की दुपारची, दांडी 1.010 च्या आसपासच थांबायची. गाळलेल्या द्रवाची घनता तेवढीच असते. म्हणजे गाळून झालं होतं, पण लघवी घट्ट करायची ताकद उरली नव्हती. अशा लोकांना लघवी भरपूर होते, रात्री उठावं लागतं, आणि घरचे निर्धास्त असतात. तुमच्या बाबांचं हेच आहे असं मी म्हणत नाही. या वयात प्रोस्टेट किंवा साखरेमुळेही रात्री उठावं लागतं. पण लघवी स्वच्छ दिसते म्हणून सोडून देऊ नका.

क्रिएटिनीन स्नायूंतून येतं. किडनीची क्षमता निम्म्यावर येईपर्यंत कित्येकदा ते फारसं वाढतच नाही, म्हणून 1.6 ला किरकोळ समजू नका. ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते याचा अंदाज, काढून घ्या. सकाळच्या लघवीत अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि क्रिएटिनीनचं प्रमाण तपासा, सोनोग्राफी करा, साखर आणि बीपी बघा. लघवीवरचा फेस बराच वेळ तसाच राहत असेल तर तेही सांगा.

आता मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचंय ते दुखण्याच्या गोळ्यांबद्दल. माझा थोरला भाऊ सत्तरी तालुक्यात काजूच्या हंगामात दिवसभर उन्हात असायचा, पाणी जेमतेम, आणि कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅक, कुणालाही न विचारता. अंगातलं पाणी कमी झालं की किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन वापरतं. ही गोळी नेमकं तेच बंद करते. मे महिन्यात त्याचं क्रिएटिनीन 3.1 वर गेलं. वेळेत कळलं म्हणून खाली आलं, पण पूर्वीइतकं कधीच नाही.

आडसराचं पाणी सध्या थांबवा. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि कमजोर किडनी ते बाहेर टाकू शकली नाही तर हृदयाचे ठोके बिघडतात. आधी रक्तातलं पोटॅशियम बघून घ्या. साधं पाणी तहानेप्रमाणे द्या. पायावर सूज असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवा. जाताना बाबा घेतात त्या सगळ्या गोळ्या, गुडघ्याच्या आणि काढ्या-चूर्णाच्याही, एका पिशवीत घालून सोबत न्या.