पाखरांची विचारपूस : कारवारचा कावळा

प्रश्न : माझं माहेर खानापूरचं. लग्नानंतर कारवारला, कोडीबागेत राहते. सकाळी मागच्या कठड्यावर भाकरीचा तुकडा ठेवते, दोन कावळे ठरल्यासारखे येतात. मी बाजारातून निघाले की त्यातला एक तारेवरून तारेवर उडत घरापर्यंत सोबत करतो. तो मला ओळखतो, की पिशवीतल्या बांगडा मासळीला? सासूबाई म्हणतात, एवढी सवय लावू नये. शेजारीही कुरकुर करतात.
– एक वाचक, कारवार

उत्तर : ताई, तो तुम्हालाच ओळखतो. पिशवीही ओळखत असेल, पण म्हणून वाईट वाटून घेऊ नका. अमेरिकेत सिएटलला जॉन मार्झलफ या प्राध्यापकांनी 2006 मध्ये मुखवटा घालून काही कावळे पकडले, पायात कडी अडकवून सोडून दिले. त्यानंतर कित्येक वर्षं तो मुखवटा घालून कुणीही विद्यापीठाच्या आवारातून चाललं की कावळे कलकलाट करून मागे लागत. जे कधी पकडले गेलेच नव्हते, तेसुद्धा. ती जात वेगळी. पण करड्या मानेचा आपला गावकावळा तर माणसाच्या वस्तीवरच जगतो, त्याला चेहरे वाचल्याशिवाय चालेल कसं?

मी इथं बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत रोज सकाळी फिरतो, खिशात बिनमिठाचे शेंगदाणे असतात. दाणे टाकले की कावळा सरळ येत नाही. तिरका तिरका उड्या मारत येतो, एक दाणा उचलून मागे सरतो, पुन्हा येतो, दोन-तीन दाणे घशात कोंबतो. मग पालापाचोळ्यात चोचीनं खळगी करून एक दाणा पुरतो, वर पान ओढतो आणि मान फिरवून बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना! दुसऱ्या कावळ्यानं पाहिलेलं असलं तर तोच दाणा उकरून दुसरीकडं नेतो. हे बघायला मिळावं म्हणूनच तर त्याच्याशी ओळख ठेवायची.

वेळ एक ठेवा, जागा एक ठेवा, हाकही एकच. ठेवलं की मागे या, टक लावून बघू नका, बाजूला तोंड करून उभ्या राहा. दहा मिनिटांत संपेल एवढंच द्या. खरकटं आणि घाण उरली नाही की शेजाऱ्यांची कुरकुर बरीचशी मिटते. उकडलेलं अंडं, बांगड्याचं डोकं चालेल. खारी सुकी मासळी आणि फरसाण नको. शेजारी पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि ते रोज बदला. वाळकी भाकरी तो पाण्यात बुडवून मऊ करून खातो, मुद्दाम बघा.

दोघांना वेगळं ओळखायचं तर पायाकडं बघा. वाकडं बोट, लंगडी चाल ही खूण टिकते. पिसावरची खूण जुनी पिसं झडली की जाते. आणि एक वही करा, त्यात येण्याची वेळ लिहा. ओहोटीला काळी नदीच्या मुखाशी चिखल उघडा पडतो, कावळे तिथं खेकडे टिपायला उतरतात. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटांनी पुढं सरकते. तुमच्या कावळ्याची वेळ तिच्यासोबत हलते का, हे महिनाभरात कळेल. हे भाग्य आम्हा घाटावरच्यांना नाही! 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद असतात, बंदरावरची मासळीची घाण थांबते. तेव्हा कठड्यावर गर्दी वाढली तरी घास वाढवू नका.

सासूबाईंचं म्हणणं मात्र अर्धं माना. हातावर बसवणं, घरात घेणं नको. सगळ्याच माणसांवर भरवसा ठेवणारा कावळा एखाद्याच्या दगडाला बळी पडतो. दहाव्याला घाटावर माणसं मागे सरेपर्यंत कावळा पिंडाला शिवत नाही, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. नवी वस्तू, नवी गर्दी दिसली की थांबायचं, हा त्याचा स्वभाव. त्या सावधपणावर तो जगतो, तो तसाच राहू दे.

प्रश्न : घरासमोरच्या आंब्यावर कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचं पिल्लू आहे. कावळीची फसवणूक होतेय. पिल्लू काढून टाकावं का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : मुळीच नको. कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्यांच्या आधी फुटतं, म्हणून ते पिल्लू घास मागण्यात पुढं असतं. पण कावळ्याच्या पिल्लांना ते सहसा ढकलून देत नाही, पुष्कळदा दोन्ही वाढतात. शिवाय घरट्याला हात लावायला गेलात तर कावळे डोक्यावर टोचा मारतील आणि पुढं रस्त्यानं जातानाही सोडणार नाहीत. कडेकडेनं जा, गरज वाटली तर छत्री उघडा. पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर मांजर-कुत्र्यापासून वाचेल अशा फांदीवर ठेवा आणि लांब व्हा, कावळे तिथंच येऊन त्याला भरवतील.