१११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो, हा योगायोग आहे का आणि ही संख्या कुठल्या प्रकारात मोडते?

योगायोग अजिबात नाहीये. मी दापोलीला शिकवण्या घेतो, आणि मुलांना हे सांगायला मला मनापासून आवडतं. कागदावर उभा गुणाकार मांडा, दर ओळीत तेच नऊ एक्के, फक्त ओळ एकेक घर डावीकडे सरकते, मग बेरीज करताना कडेच्या घरात एकच एक्का, पुढच्यात दोन, मधल्यात नऊ आणि तिथून परत उतरत एकपर्यंत. कुठेच दहा होत नाहीत म्हणून हातचा येत नाही, सगळं रहस्य एवढंच. दहा एक्के घेतले की मधे हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१, म्हणजे शिडी मोडली. (एक्सेलमध्ये करून बघू नका, तिथे १५ च आकडे धरतात, शेवटी ००० नाहीतर ३०० असलं काहीतरी दिसून पोरं गोंधळतात.)

आता प्रकार. पूर्ण वर्ग आहे, उलटसुलट सारखीच म्हणून पॅलिन्ड्रोम आहे. मूळ अवयव पाडले तर ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग, त्यामुळे विभाजक एकूण ४५. स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येच्या निम्म्याहून जराशीच जास्त भरते, म्हणजे संख्येपेक्षा कमीच पडते, म्हणून ती न्यून संख्या.

पण मला विचाराल तर खरी मजा पुढे आहे. अंकांची बेरीज ८१ येते आणि ८१ ने संख्येला पूर्ण भाग जातो, भागाकार १२३४५६७९ चा वर्ग. अशा संख्यांना हर्षद संख्या म्हणतात, आणि ते नाव दिलं द. रा. कापरेकरांनी, १९०५ साली आपल्या कोकणपट्टीतल्या डहाणूला जन्मलेले, नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते. एक्क्यांच्या या वर्गांना डेम्लो संख्या म्हणतात तेही त्यांचंच काम. ६१७४ मुळे (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येते ती संख्या) लोक त्यांना ओळखतात, पण हे कामही तितकंच सुंदर आहे असं माझं ठाम मत आहे.

मग सगळ्या शिड्या हर्षद का? नाही! १२१ ची बेरीज ४, भाग जात नाही. १२३२१ ची ९, जातो. १२३४३२१ ची १६, नाही जात. एक ते नऊ एक्क्यांपर्यंत बघितलं तर फक्त १, ३ आणि ९ एक्क्यांचेच वर्ग हर्षद निघतात. कारण जितके एक्के त्याचा वर्ग हीच अंकांची बेरीज असते, म्हणजे दोन्हीकडे वर्गच, आणि प्रश्न एवढाच उरतो की नुसत्या एक्क्यांनी बनलेल्या मूळ संख्येला त्यात जितके एक्के आहेत त्या आकड्याने भाग जातो का. १११ ला ३ ने जातो, नऊ एक्क्यांना ९ ने जातो. २, ४, ६, ८ ने जाणं शक्यच नाही कारण शेवटी १ आहे, ५ चंही तसंच, राहिला ७, तो तुम्ही स्वतः करून बघा.