वारीत बायकांना कपडे बदलायला आडोसा करतोयस ना, मग हे वाच

अरे सांगाड्याच्या पाइपचं नंतर बघ, आधी कापड बदल. पांढरं कापड दिवसा ठीक वाटतं पण रात्री आत बॅटरी लावली की सगळी सावली बाहेर दिसते, सासवडच्या मुक्कामी आमचं हेच झालं आणि एक आजी ओल्या लुगड्यातच परत गेल्या, अजून वाईट वाटतं. गडद जाड कापड घे, बॅटरी वर छतालाच टांग, म्हणजे सावली खाली पायाशी पडते. छताला उतार हवाच, नाहीतर पाणी साठून पाइप वाकतात. डांबरावर खुंट्या जात नाहीत, 20 लिटरचे कॅन पाण्याने भरून चारी कोपऱ्यांना बांध, 20-20 किलो वजन मिळतं. पाइपांतून इलॅस्टिकची दोरी ओव, तुकडे हरवत नाहीत. आणि आत साडी टाकायला एक आडवी दोरी, प्लीज विसरू नकोस.