पाणी नितळ झालं म्हणून रंग तुटला असं नाही

यीस्टने सांडपाण्यातला रंग तोडायचा प्रयोग करताना इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसचं, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं पाणी घेणार असशील, तर आधी क्षार मोज, मग यीस्ट निवड. रिॲक्टिव्ह रंग (सुताशी रासायनिक बंध जोडणारे रंग) सुतावर चढायला रंगाच्या द्रावणात लिटरला 40-80 ग्रॅम मीठ सहज पडतं. तिथे डेबॅरोमायसिस हॅन्सेनीसारखं खारं पाणी सोसणारं यीस्ट चांगलं तग धरतं. पीएच चढा असतो, तो 6च्या आसपास आण. थोडं ग्लुकोजही दे, नुसत्या रंगावर ते जगत नाही.

आणि बाटली नितळ दिसली की लगेच नाचू नकोस! सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात गरगर फिरवून, तळाशी बसलेला पेशींचा गोळा बघ. तो रंगाने गडद झाला असेल तर पेशींनी रंग नुसता शोषलाय, तोडलेला नाही. मारलेल्या पेशींची बाटली तुलनेला शेजारी हवीच; त्या रंग फक्त शोषू शकतात. त्याशिवायचे निकाल मी तरी मानत नाही. ॲझो रंग (नायट्रोजनच्या दुहेरी बंधाचे रंग) तुटले तर ॲरोमॅटिक अमाइन्स, म्हणजे त्यांचे तुकडे, ज्यातले काही विषारी असतात, उरलेत का, तेही तपास.