नाव घेतलं नाही म्हणून रडू आलं

प्रश्न: ताई, मी फोंड्याची. दर शनिवारी चर्चमध्ये झाडू मारते, आल्तारवर फुलं लावते, पण परवा फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, सगळ्यांचे आभार मानले नि माझं नावच नाही. घरी येऊन रडले. माझी भक्ती खोटी आहे का?

उत्तर: अगं नाही, वाईट वाटलं म्हणून भक्ती खोटी होत नाही. येशूच्या शेवटच्या भोजनाला त्याच्या शिष्यांचंसुद्धा आपल्यात मोठा कोण यावरून वाजलं होतं, आणि त्याच रात्री तो कमरेला टॉवेल गुंडाळून त्यांचे पाय धुवायला बसला, त्याला पकडून देणाऱ्या यहूदाचे पण धुतले, मला तर हे वाचताना दर वेळी गलबलून येतं.

आपल्या बाणावलीत जन्मलेले संत जुझे वाझ बघ ना, 1687 मध्ये श्रीलंकेत गेले तेव्हा डच लोकांनी कॅथलिक धर्मगुरूंवर बंदी घातलेली, म्हणून गरीब मजुराच्या वेशात शिरले, पुढे 1697 ला कँडीत देवीची साथ आली, लोक घरच्या आजाऱ्यांना टाकून पळत होते आणि हे त्यांची शुश्रूषा करत होते. 1711 मध्ये वारले, संत म्हणून जाहीर झाले 2015 ला!

फादरना मात्र सरळ सांग, मला वाईट वाटलं म्हणून, मनात कुढत बसू नकोस. आणि या शनिवारी उरलेली फुलं वाड्यावरच्या एखाद्या आजारी म्हातारीला नेऊन दे, थोडा वेळ बस तिच्यापाशी, कुणाला सांगू नकोस.