तिला काय हवंय, ते आधी लिहा

प्रश्न : मी आठ भागांची वेबमालिका लिहितेय. नायिका बेचाळीस वर्षांची, स्तनाचा कॅन्सर हाडांत पसरलेला, बरं होण्याची आशा नाही. लग्नात कधी न मिळालेलं शरीरसुख तिला उरलेल्या काळात अनुभवायचंय. मला हे हसतखेळत सांगायचंय. ज्यांना वाचायला दिलं ते म्हणतात, मरणाऱ्या बाईच्या तोंडी असले विनोद शोभत नाहीत. 'डाइंग फॉर सेक्स' ही अमेरिकन मालिका पाहून आलेलं बळ आता ओसरतंय. पहिल्या भागातला एक प्रसंग सोबत पाठवतेय.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मरणाच्या दारातल्या माणसाचं हसणं आपल्या प्रेक्षकाला परकं नाही. 1971 च्या 'आनंद'मध्ये राजेश खन्ना आतड्याचा लिम्फोसार्कोमा घेऊन सगळ्यांना हसवत फिरतो आणि आपण त्याच्यावर जीव टाकतो. पण आनंद स्वतःसाठी काही मागत नाही. तुमची नायिका मागतेय, आणि ती बाई आहे. लोकांना खुपतंय ते हे मागणं. विनोदाचं फक्त निमित्त आहे. म्हणून विनोद कमी करू नका, तिची मागणी अधिक स्पष्ट करा.

तुम्ही पाहिलेल्या मालिकेचा पाया खरा आहे. मॉली कोचन या अमेरिकन बाईला चौथ्या स्टेजचा कॅन्सर होता. ती लग्नातून बाहेर पडली, पुरुषांना भेटत राहिली आणि सगळं मैत्रिणीला, निकी बॉयरला, सांगत गेली. मॉली मार्च 2019 मध्ये गेली. दोघींच्या गप्पांचा पॉडकास्ट 2020 मध्ये आला आणि त्यावरून किम रोझेनस्टॉक आणि एलिझाबेथ मेरिवेदर यांनी रचलेली मालिका 2025 मध्ये. मिशेल विल्यम्स मॉली झाली, जेनी स्लेट निकी.

मालिकेतला लाथेचा प्रसंग पुन्हा बघा. समोर राहणाऱ्या शेजाऱ्याला अपमान करून घ्यायला आवडतं. त्याच्याच विनंतीवरून मॉली त्याला नको तिथे लाथ मारते, आणि हाड मोडतं ते तिच्याच पायाचं, कारण कॅन्सर हाडांत पोचलेला असतो. आपण हसत असतानाच पोटात खड्डा पडतो. आधी विनोद, मग आजाराची आठवण, अशी वाटणी तिथे नाहीच. जे काही होतं ते एकाच लाथेत होतं. लेखन म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं. तुमच्या नायिकेचाही कॅन्सर हाडांत आहे, पण पाठवलेल्या पानांत त्या हाडांना काही काम नाही.

आता तुमचा प्रसंग. ती पलंगावर पडलीय, नवरा केसांवरून हात फिरवतोय, दोघं रडतात, मागे बासरी. यात मला आजारही दिसला नाही आणि जवळीकही. खऱ्या घरात काय होतं? निदान झाल्यावर नवरा 'तिला त्रास नको' म्हणून हॉलमध्ये गादी टाकतो आणि ते कायमचं होऊन बसतं. सासू चहा घेऊन न ठोठावता आत येते. हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांनी योनीला कोरडेपणा येतो, संबंध दुखतात. हे विचारायचं तर डॉक्टर बोलतात नवऱ्याकडे बघून, आणि नवरा बघतो पंख्याकडे. मग ती स्वतःच मेडिकलमध्ये जाऊन वंगण देणारं जेल मागते. काउंटरवर ओळखीचा मुलगा. तो ट्यूब काळ्या पिशवीत घालतो. ती पिशवी परत करते, ट्यूब हातात धरून घरी येते आणि हॉलमधली गादी गुंडाळून ठेवते. हा प्रसंग लिहा. एकही विनोदी वाक्य घालावं लागणार नाही. आणि बासरी काढा, माझी विनंती आहे.

दुसरं, तुमच्या नायिकेची मैत्रीण दोनदा फोनवर येते आणि संपते. मॉलीची प्रेमकथा, माझ्या मते, निकीबरोबरच आहे. शेवटी आपल्याजवळ कोण हवं, हे ती ठरवते आणि निकीला सांगते. निकी वेंधळी नटी. मॉलीचं सगळं अंगावर घेता घेता तिचं काम जातं, नातं तुटतं. पेशंटसोबत धावणाऱ्या माणसाला काय किंमत मोजावी लागते, ते इतकं प्रेमाने क्वचित लिहिलं जातं. तुमच्या मैत्रिणीच्या हातात इन्शुरन्सची फाइल द्या, केमोच्या तारखा द्या आणि तिला एकदा नायिकेवर मनसोक्त चिडू द्या.

प्रश्न : मी नाटकात काम करते. एका छोट्या मालिकेत आजारी बाईची भूमिका आहे, त्यात शय्यादृश्य. दिग्दर्शक म्हणतात, 'सेटवर बघू.' मी नाही म्हणावं का?
– एक अभिनेत्री, नाशिक

उत्तर : भूमिकेला नाही म्हणू नका, 'सेटवर बघू'ला म्हणा. अशा दृश्यांसाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर असतो, म्हणजे जवळिकीची दृश्यं कलाकारांच्या संमतीने बसवून देणारा माणूस. एचबीओ या अमेरिकन वाहिनीने 2018 मध्ये आपल्या सर्व मालिकांसाठी तो सक्तीचा केला आणि आता भारतातही हे काम करणारी माणसं आहेत. मारामारी बसवतात तसं हे दृश्य बसवलं जातं : हात कुठे, किती वेळ, अंगावर काय, कॅमेऱ्याला काय दिसणार. हे आधी ठरतं, लेखी होतं, आणि ऐनवेळी नकार द्यायचा हक्क तुमच्याकडेच राहतो. सेटवर मोजकीच माणसं असतात. निर्मात्याकडे तेवढा पैसा नसेल, तरी लेखी ठरवायला पैसा लागत नाही. शिवाय तुमच्या पात्राला पोर्ट, म्हणजे केमोचं औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी, असेल, हात सुजलेला असेल, तर कुठल्या कुशीवर वळता येईल हेही त्यातच ठरू द्या. त्याने दृश्य सच्चं होतं.

प्रश्न : शेवटी नायिकेला मारायलाच हवं का? चॅनेलवाले म्हणतात, चमत्कार दाखवा.
– एक नवोदित लेखक, पुणे

उत्तर : चमत्कार नको. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे, ते तुमची मालिका बघत असतील. 'डाइंग फॉर सेक्स'च्या शेवटच्या भागात हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटना सांभाळणाऱ्या संस्थेची, एक नर्स मरण जवळ आल्यावर शरीरात काय काय होतं ते मॉलीला आणि तिच्या माणसांना समजावते, आणि तेही विलक्षण उत्साहाने. ती भूमिका पॉला पेल या विनोदी लेखिकेने केलीय. खाणं सुटतं, झोप वाढते, श्वासाची लय बदलते. आपल्याकडे हे घरच्यांना बहुधा कोणी सांगत नाही. वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासून अशा पेशंटना सांभाळतंय. एखाद्या पॅलिएटिव्ह, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करणाऱ्या, नर्सला परवानगी घेऊन भेटा, पेशंटची नावं न विचारता ऐका, आणि मगच शेवटचा भाग लिहायला घ्या.