प्रश्न तुमचे, उत्तर वकिलाचं: खुनाच्या तपासाचं ट्रेनिंग कुणाला आणि कशाचं?

परभणीच्या प्रकरणापासून जो तो एकच बोलायलाय, पोलिसांना ट्रेनिंग द्या, सरकारी वकिलाला द्या, जजलाबी द्या. मला कळंना झालंय, खून तो खून, त्याच्यात वेगळं शिकायचं काय असतंय?
*– एक वाचक, सेलू*

भाऊ, नेहमीच्या खुनात मारणारा एका बाजूला असतो आणि तपास करणारा दुसऱ्या बाजूला. कोठडीतला मृत्यू किंवा खोटं एन्काउंटर असलं की हे दोघं एकाच गणवेशात असायची शक्यता असते. स्टेशन डायरी, म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही, त्यांच्याच टेबलावर, कॅमेऱ्याचं फुटेज त्यांच्याच रेकॉर्डरमध्ये, पंच त्यांच्याच ओळखीचे. म्हणून इथं तपास कोणी करायचा हाच पहिला प्रश्न असतो, कसा करायचा ते नंतर.

परभणीचंच बघा. डिसेंबर 2024 मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर दंगल झाली, त्यात धरलेला कायद्याचा एक विद्यार्थी 15 तारखेला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. पीएम, म्हणजे पोस्टमॉर्टेम, झालं संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात, डॉक्टरांनी अंगावर बऱ्याच जखमा नोंदवल्या. तरी एफआयआरसाठी त्याच्या आईला हायकोर्टाच्या खंडपीठात जावं लागलं, 4 जुलै 2025 ला कोर्टाने गुन्हा नोंदवायला सांगितलं, त्यावर सरकार दिल्लीला गेलं आणि 30 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. कोण दोषी ते खटल्यात ठरेल, त्यावर मी आत्ताच काही बोलणार नाही. पण नुसता गुन्हा नोंदवायला सात महिने! दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर घ्यायलाच पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच ललिता कुमारी प्रकरणात सांगून ठेवलंय, आणि ते माहीत नसलेला एकही पीआय मला आजवर भेटला नाही. म्हणून मी म्हणतो की कायद्याची कलमं परत परत वाचून दाखवायच्या ट्रेनिंगला अर्थ नाही, माहीत असलेलं पहिल्या दिवशी हाताने करायची सवय लावणं म्हणजे ट्रेनिंग.

सर, मी जालन्यात पीएसआयची तयारी करतो. मिनेसोटा प्रोटोकॉल काय आहे आणि आपल्याकडं त्याचा काही उपयोग होतो का?
*– एक विद्यार्थी*

संयुक्त राष्ट्रांची ती पुस्तिका आहे, बेकायदेशीर वाटणाऱ्या मृत्यूचा तपास कसा करावा याची. मूळ 1991 ची, 2016 मध्ये नव्याने लिहिली. आपल्यावर ती कायदा म्हणून बंधनकारक नाही, पण गाभा सोपा आहे: तपास लगेच व्हावा, नीट व्हावा, स्वतंत्र माणसाने करावा आणि घरच्यांना त्यात काय चाललंय ते कळत राहावं.

आणि आपल्याकडं आपलं स्वतःचं काही कमी नाही. मुंबईत 1995 ते 1997 या काळात 99 च्या आसपास एन्काउंटर झाले, त्यात 135 च्या आसपास माणसं मेली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 ला 16 सूचना दिल्या. एन्काउंटरमध्ये माणूस मेला की गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीने नाहीतर दुसऱ्या ठाण्याच्या टीमने करायचा आणि त्या टीमचा प्रमुख एन्काउंटर करणाऱ्यांच्या प्रमुखापेक्षा निदान एक पायरी वरचा पाहिजे, पीएम दोन डॉक्टरांनी करायचं आणि त्याचं शूटिंग करायचं, आणि लगेच प्रमोशन-शौर्यपदक द्यायचं नाही. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण बक्षीस मिळतं तिकडंच माणूस पळतो.

आता परीक्षेत येणार नाही ते सांगतो. रक्ताने भिजलेला शर्ट तसाच ओला प्लास्टिकच्या पिशवीत घालून सील केला की आत बुरशी धरते, डीएनए खराब होतो आणि सीए रिपोर्टमध्ये, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेच्या अहवालात, एक ओळ येते, 'निष्कर्ष काढता येत नाही'. तो शर्ट सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालायचा असतो. मयताचे दोन्ही हातसुद्धा कागदी पिशवीनेच बांधायचे, नखाखाली मारणाऱ्याची कातडी असू शकते. घटनास्थळाचा पंचनामा सकाळी नऊ ते दहा आणि त्याच पंचांची सही वीस किलोमीटर लांबच्या जप्ती पंचनाम्यावर सव्वानऊची, असले कागद मी उलटतपासात कितीदा पाहिलेत, आरोपीच्या वकिलाला मग काही करावंच लागत नाही, तो नुसता घड्याळ वाचून दाखवतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे 1 जुलै 2024 पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी लागू झालेल्या, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी जागेवर यायची तरतूद केलीय, टप्प्याटप्प्याने. चांगलंच आहे, पण ते येईपर्यंत जागा कोण राखणार? तर तू, नाहीतर तुझा शिपाई. लातूरजवळच्या बाभळगावला किंवा जालन्याच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात शिकणाऱ्या शिपायालाच हे आधी आलं पाहिजे, कारण जागेवर पहिला तोच पोचतो.

जजला काय शिकवणार हो? ते तर आधीच शिकलेले.
*– एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई*

गुरुजी, उत्तनला महाराष्ट्राची न्यायिक अकादमी आहे, भोपाळला राष्ट्रीय आहे, न्यायाधीशांचे वर्ग तिथं होतच असतात. शिकायचंही बरंच असतं. अटक केलेल्या माणसाला 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करतात, बोर्डावर ऐंशी केसेस, जेवायची सुट्टी जवळ आलेली, पोलीस कागद पुढं सरकवतात आणि विचारलं जातं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" शेजारी तोच हवालदार दंड धरून उभा. आरोपी म्हणतो नाही. शिकायचं ते इथं आहे. हवालदाराला दाराबाहेर पाठवायचं, माणसाला चार पावलं चालायला लावायचं, लंगडतोय का बघायचं, मेडिकल कागदावरची तारीख अन् वेळ बघायची. डी. के. बसू प्रकरणात 1996 लाच सांगितलंय की कोठडीत दर 48 तासांनी डॉक्टरी तपासणी पाहिजे. एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, देण्याआधी तो कागद मागितला तर कितीतरी गोष्टी वेळेत कळतील, माणूस जिवंत असतानाच कळतील.

सरकारी वकिलाचंही तसंच. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं की खालच्या कोर्टातले एपीपी, म्हणजे सहायक सरकारी वकील, पोलीस खात्याच्या हाताखाली नकोत. कागदावर वेगळे झाले. पण सरकारी वकील म्हणजे पोलिसांचा वकील ही समजूत अजून गेली नाही, आणि ती पोलिसांइतकीच काही वकिलांच्याही डोक्यात आहे. चार्जशीट दाखल व्हायच्या आधी फाईल वाचून 'फुटेज कुठंय, डायरीची झेरॉक्स कुठंय' एवढं विचारायला हरकत काय? परमवीर सिंग सैनी प्रकरणात 2020 ला कोर्टाने सांगितलं की ठाण्यात सगळीकडं कॅमेरे लावा, फुटेज 18 महिने ठेवा, ते जमत नसेल तर निदान एक वर्ष. तरी कॅमेरा नेमका त्याच रात्री बंद होता हे उत्तर आपण सगळे ऐकत आलोत.

एक मात्र खरं, की कोठडी मृत्यूत न्यायदंडाधिकाऱ्याने चौकशी करायची हे कायद्यात 2006 पासून लागू आहे, नव्या संहितेत ते 196 कलमात आलंय, पण चौकशीचा अहवाल आल्यावर पुढं नेमकं कोणी काय करायचं ते त्या कलमात धड लिहिलेलं नाही. ही खोट ट्रेनिंगने भरून निघणार नाही, त्याला नियमच लागतील.

तुम्ही काहीबी लिहा, वरून फोन आला की सगळं ट्रेनिंग संपलं.
*– वाचक, उदगीर*

खरं आहे तुमचं, मी खोडणार नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली आणि अजून त्याला मान्यता दिली नाही, म्हणजे वरूनच किती घाई आहे ते दिसतंय.

तरी एक गोष्ट सांगतो जी मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त पटते. गुजरातच्या किशनभाई प्रकरणात 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने आरोपी सुटल्यावर नुसतं हळहळ व्यक्त केली नाही, सगळ्या राज्यांना सांगितलं की आरोपी निर्दोष सुटला की पोलीस आणि सरकारी वकिलांच्या वरिष्ठांच्या समितीने ती फाईल उघडायची, कुठं चुकलं ते लिहायचं, आणि त्यातून नव्या तपास अधिकाऱ्यांचा अन् वकिलांचा अभ्यासक्रम तयार करायचा. चूक कोणाची तेही ठरवायचं, त्याच्यावर कारवाई करायची. माझं म्हणणं असं की आपल्या जिल्ह्यात सुटलेल्या दोन फायली घ्या, नावं झाका, आणि आयओ म्हणजे तपास अधिकारी, एपीपी, घाटीतला पीएम करणारा डॉक्टर असे सगळे एका खोलीत बसवा. डॉक्टर म्हणेल मला पंचनामाच दाखवला नव्हता, आयओ म्हणेल मला पीएमचा फॉर्म दोन महिन्यांनी मिळाला. वेगवेगळ्या गावांत वेगवेगळे वर्ग घेऊन हे कधीच बाहेर येत नाही. फोन करणाऱ्याचं काय, तर डायरीत वेळेवर पडलेली नोंद आणि कोर्टात लगेच पोचलेली एफआयआर नंतर फोनवरून बदलता येत नाही, एवढा तरी फायदा आहेच.

मी गेवराई तालुक्यात पोलीस पाटील आहे. विहिरीत बॉडी सापडली की गावकरी लगेच बाहेर काढतात, अंघोळ घालून मोकळे होतात. मी काय करावं?

जीव असायची थोडीशीही शक्यता असली तर काढाच, दवाखाना आधी. जीव गेल्याचं उघड दिसत असेल तर हात लावू देऊ नका, ठाण्याला फोन करा आणि फोनची वेळ लिहून ठेवा. 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याने खबर देणं हे तुमचंच काम आहे, सरपंचाला विचारत बसू नका. पोलीस येईपर्यंत मोबाईलवर लांबून-जवळून फोटो काढा, काठावरच्या चपला, चिठ्ठी, दोरी जिथल्या तिथं राहू द्या, पहिल्यांदा कोणी पाहिलं त्याचं नाव टिपून घ्या. घरचे 'पीएम नको' म्हणून रडतील, तुमचेच पाहुणे असतील, त्यांना समजावा पण माती होऊ देऊ नका. आणि लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत सून गेली असेल तर नुसत्या पोलिसांचा पंचनामा चालत नाही, दंडाधिकारी म्हणून तहसीलदार नाहीतर नायब तहसीलदार यावे लागतात, तेव्हा त्यांचाही नंबर मोबाईलमध्ये आजच सेव्ह करून ठेवा.